भिंतीला पांघरूण

पेणच्या खाडीवर आमचं घर होतं तेव्हा आम्ही गरीब होतो, पण ते आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. कुडाचं घर, शेणानं सारवलेली जमीन, आणि दारापासून थेट खाडीपर्यंत मिठागराचे चौकोन. बाबा मिठागरावर मुकादम होते. वाफ्यातलं पाणी मीठ धरायला तयार झालं की नाही, हे ते बोट बुडवून जिभेला लावून सांगायचे. मिठागराचा शेट पेणहून यायचा तेव्हा तोही विचारायचा, "दामा, तुझी जीभ काय म्हणते?" बाबा हसायचे नाहीत. चव घ्यायचे, थुंकायचे आणि म्हणायचे, "उद्या." मग उद्याच मीठ धरायचं. वाफ्याचा तळ घट्ट करायला माणसं एका ओळीत उभी राहून पायानं चिखल तुडवायची, त्याचा थप थप आवाज मला अजून कधी कधी कुकर चालू असताना मध्येच ऐकू येतो. दुपारी तांदळाची भाकरी, भाजलेली सुकट, वालाचं बिरडं असलं तर सण. मिठाचं मात्र कौतुक नव्हतं. ते केसांत असायचं, कानामागं असायचं, पाण्याच्या हंड्याच्या काठावर असायचं.

आई गोधड्या शिवायची. गावातल्या सगळ्याच बायका शिवायच्या, पण आईच्या गोधडीला लोक थांबून बघायचे. ती रंग शेजारी शेजारी ठेवायची असे, की जांभळ्याशेजारचा पिवळा ओरडायचा नाही. कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या घराण्यातली एक चाल होती. गोधडीच्या चारी बाजू शिवून होत आल्या, की शेवटच्या कोपऱ्यात मिठाचा एक खडा घालायचा आणि मग तो कोपरा बंद करायचा. मूल जन्मलं की, पोरगी सासरी निघाली की, अशी खडा घातलेली गोधडी द्यायची. जिथं निजशील तिथं घरचं मीठ तुझ्या अंगाजवळ राहील, असा त्याचा अर्थ. गोधड्या रोज वापरात, रोज सकाळी बांधावर उन्हात. त्या खड्याचं पुढं काय होतं, हे कधी कुणी उसवून बघितलं नव्हतं.

मग एका उधाणाला बांध फुटला. पाऊस आणि भरती एकाच वेळी आली आणि खाडी सरळ घरात शिरली. माणसं वाचली. मिठागर गेलं. पाणी ओसरलं तेव्हा चौकोन राहिलेच नव्हते, नुसता काळा चिखल आणि त्यात आमचा पाटा उपडा. शेटनं बांध परत घातला नाही. एका वर्षात तिथं तिवरं, खाऱ्या चिखलातली झुडपं, उगवायला लागली. बाबा रोज जाऊन तिवरं उपटून यायचे. एक दिवस आईच म्हणाली, "पुरं आता. उपटून काय मीठ येतंय?" आणि आम्ही उरलंसुरलं बोचक्यात बांधून रोह्याच्या गाडीत बसलो. त्या बोचक्यात भांडी कमी आणि कापडं जास्त होती. खाडीच्या पाण्यात भिजलेल्या साड्या आईनं फेकल्या नव्हत्या.

रोह्याला लागून वरसे. आज तिथं बिल्डिंगा उभ्या आहेत, माणसं बाल्कनीत तुळशी लावतात. तेव्हा मोकळी माळरानं, आंब्याची झाडं आणि मधे मधे भाड्याच्या खोल्यांच्या चाळवजा ओळी. आम्हाला मिळाली ती ओळीतली शेवटची खोली. मागं ओढा. मागची भिंत वर्षभर ओली. वारा फिरला की रसायनांच्या कंपन्यांकडून सडक्या अंड्यासारखा वास यायचा आणि आई जेवणाचं ताट पदरानं झाकायची. बाबांना ठेकेदारामार्फत कंपनीत पोती उचलायचं काम लागलं. त्या पोत्यांत काय असायचं ते त्यांना माहीत नव्हतं, आम्हालाही नव्हतं. हातांची साल निघायला लागली, खोकला धरला, आणि एक दिवस शिफ्टवरून आले ते परत गेलेच नाहीत. ठेकेदारानं निरोपही धाडला नाही. आई ऑफिसरांच्या वसाहतीत भांडी घासायला जायला लागली. मी रोह्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. माझ्या आधी कुणी आमच्यातलं सातवीच्या पुढं गेलं नव्हतं. बाबांनीच सातवीनंतर पुढं शिकायला घातलं होतं मला, मिठागर असताना, सगळ्या गावासमोर सांगून. त्यामुळं मला काढणंही त्यांनाच जड जात होतं.

बाबा दिवसभर त्या ओल्या भिंतीसमोर बसायचे. ओल खालून वर चढत होती, तिचे डाग पडले होते आणि कडेला पांढरी पोपटी बुरशी. एक दिवस त्यांनी चुलीतला कोळसा घेतला आणि ओल जिथवर आली होती तिथं रेघ मारली. दुसऱ्या दिवशी वर आणखी एक. मी कॉलेजातून आले की विचारण्याआधीच सांगायचे, "कुंदे, पानी वर चढतंय." मी म्हणायचे, "बाबा, ओल हाय ती. पाणी नाय." ते म्हणायचे, "तेच ते." त्यांचा आवाज शांत असायचा, त्याचंच भय वाटायचं. जेवण समोर ठेवलं तरी नजर भिंतीवर. एकदा मी पाहिलं, त्यांनी बोट भिंतीला लावून जिभेला लावलं होतं.

एका सकाळी आईनं चार खिळे ठोकले आणि तिची सगळ्यात चांगली गोधडी, माझ्या जन्माच्या वेळची, त्या भिंतीवर ताणून लावली. रेघा, डाग, बुरशी, सगळं झाकलं गेलं. खोलीत एकदम लाल आणि निळा रंग आला. बाबा बाहेरून तोंड धुऊन आले आणि दारातच उभे राहिले.

"हे काय?"

"दिसत नाय? गोधडी हाय."

"पांघरायला दोन नायत, आनि तू भिंतीला पांघरतीस?"

"भिंत बघत बसता ना दिवसभर. मग काहीतरी बघन्यासारखं बघा."

ओळीतल्या बायकांना महिनाभर पुरेल असा विषय मिळाला. शेजारच्या शेवंताकाकू तर नळावर सगळ्यांदेखत म्हणाल्या, "काय गो नर्मदे, भिंतीला थंडी वाजते काय? ताप मोजलास का तिचा?" बायका हसल्या. आई हंडा उचलत म्हणाली, "व्हय, वाजते. तुझ्या भिंतीला वाजत नाय कारन तिला तुझ्या जिभेची ऊब हाय." त्यावर जास्त हसल्या. पण घरी आल्यावर तिनं हंडा खाली ठेवला आणि बराच वेळ त्यावरच हात टेकून उभी राहिली. त्या थंडीत आम्ही तिघं एका गोधडीत निजलो. आज माझ्या ओळखीतल्या बायका घर सजवायचं म्हणून पडद्याला उशीची खोळ जुळवत बसतात तेव्हा मी गप्प असते. आमच्या घरातली पहिली सजावट माझ्या बापाची नजर भिंतीवरून काढायला केलेली होती आणि तिच्यापायी आम्ही कुडकुडलो होतो, हे त्यांना कुठं सांगायचं.

आमच्या खोल्यांची मालकीण हन्नाबाई. कोकणातली यहुदी, आमच्याइतकीच मराठी, नऊवारी नेसायची आणि आमच्याइतकंच वालाचं बिरडं आवडीनं खायची. तिचं घर ओळीच्या पुढच्या अंगाला, कौलारू, मोठं आणि रिकामं. मुलं, सुना, भाऊबंद सगळे इस्रायलला गेलेले. ती राहिली होती. का राहिलीस असं विचारलं की म्हणायची, "तिकडं माझ्याशी भांडायला कोण आहे?" भाड्यासाठी आली होती, पण गोधडी पाहून उंबऱ्यातच थबकली. चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"नर्मदे, ही कुणी केली गो?"

"मीच."

"आणि ही भिंतीवर का?"

आईनं बाबांकडं पाहिलं नाही. "ओल हाय," एवढंच म्हणाली.

"ओल तर माझ्या सगळ्याच खोल्यांना आहे," हन्नाबाई म्हणाली, "पण असं कुणी केलं नाही." भाड्याचं विचारायचं राहूनच गेलं.

आठवड्याभरानं ती एका मुलीला घेऊन आली. मुलगी म्हणजे माझ्याहून थोडी मोठी, केस आखूड कापलेले, खांद्यावर शबनम. वृंदा तिचं नाव. मुंबईला चित्रकलेचं कॉलेज करून स्वतःचं काम सुरू केलेलं. कुठल्या दुकानाची नाही की कंपनीची नाही. लोकांची घरं सजवून द्यायची. कुणाकडून हातमागाचे पडदे, कुणाकडून चित्र, कुणाकडून मातीची भांडी, असं हातानं करणाऱ्यांकडून आणायचं आणि घरात बसवायचं. हन्नाबाईकडं ती जुन्या हंड्या आणि कपाटं बघायला आली होती. आमच्या खोलीत आली, भिंतीसमोर खाली बसली, अगदी बाबांच्या जागी, आणि बसूनच राहिली. बाबा बाजूला सरकले. मग ती म्हणाली, "मावशी, पेणला एका डॉक्टरांचं नवं घर मी करतेय. माझं पहिलंच मोठं काम. त्यांच्या दिवाणखान्याला आणि खोल्यांना मला अशाच गोधड्या हव्यात. भिंतीवर लावायला. द्याल करून?"

बाबांनीच विचारलं, "भिंतीवर? त्यांच्याकडं पन ओल हाय?"

वृंदा हसली. "नाही हो. शोभेसाठी."

बाबांना ते पटलं नाही, पण कितीतरी दिवसांनी त्यांनी कुणाला प्रश्न विचारला होता.

त्यानंतरचे दीड-दोन महिने आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आईनं बोचकं सोडलं. खाडीत भिजलेल्या साड्या पुन्हा पुन्हा गोड्या पाण्यात धुतल्या. आजीची साडी, मावशीची, स्वतःचं लग्नातलं लुगडं, सगळ्यांवर कात्री चालली. लग्नातलं लुगडं कापताना तिनं मला दार लावायला सांगितलं. घरात नेसायला दोन साड्या ठेवल्या आणि बाबांचं एक पांढरं धोतर, मिठागरावर शेट यायचा त्या दिवशी नेसायचं ते. त्याला हात लावायची तिची हिंमत झाली नाही. सुईचा चुटूक चुटूक आवाज, दोऱ्याला मेण लावल्याचा वास, आणि मी शेजारी बसून अभ्यासाचं मोठ्यानं वाचायची. आईला इतिहास आवडायचा. मध्येच म्हणायची, "थांब, ह्यो राजा मघाशी मेला होता ना?" शेवटच्या कोपऱ्यांची वेळ आली तेव्हा तिनं डब्यातून मीठ काढलं. आमच्याच मिठागराचं, शेवटचं. प्रत्येक गोधडीत एक खडा घातला आणि कोपरा बंद केला. मी बघत होते. मला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. ज्या घरात खाडीवरचं कुणी निजणार नाही त्या घरालाही आपलं मीठ गेलं पाहिजे, एवढंच तिच्या मनात होतं. वृंदा गोधड्या घेऊन गेली तेव्हा आईनं तिच्या हातावर पेणचे पोह्याचे पापड ठेवले. मे महिना होता.

पावसानं जोर धरला तशी वृंदा परत आली. रिक्षातून उतरली, भिजलेली, आणि तिच्यामागून रिक्षावाल्यानं गठ्ठे उतरवले. मला वाटलं आणखी कापड आणलं. तिनं पहिला गठ्ठा सोडला तेव्हा खोलीत खाडीचा वास आला.

प्रत्येक गोधडीचा एक कोपरा ओलाचिंब होता. तिथून लाल, जांभळा रंग फुटून खाली ओघळलेला. बाकी गोधडी कोरडी, रंग जागच्या जागी, आणि तो एकच कोपरा असा, की जसा कुणाचा डोळा.

"मावशी, काय घातलंत ह्यात?" वृंदाचा आवाज चिरकला होता. "पांढऱ्याशुभ्र भिंती आहेत त्यांच्या. सगळीकडं ओघळ उतरलेत. रोज पुसलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा ओलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोधडी रडते म्हणून. मला घरात घेत नाहीयेत आता."

आईनं तो कोपरा बोटांत धरला. तिला तेव्हाच कळलं असणार. पावसाळ्यात मीठ पाणी ओढतं, हे खाडीवरचं शेंबडं पोर सांगेल. मिठाचा डबा आम्ही चुलीजवळ ठेवायचो तो त्यासाठीच. पण घरच्या गोधड्यांना रोज अंगाची ऊब आणि ऊन मिळायचं, त्यांना ओल कधी दिसली नव्हती; आणि गोधडीतलं मीठ तिच्या लेखी मीठ नव्हतंच, आशीर्वाद होता. आशीर्वादाला पाणी सुटतं हे तिच्या ध्यानात कुठून यावं?

"मीठ," ती म्हणाली.

"मीठ?" वृंदानं डोक्याला हात लावला. "का?"

आईनं का ते सांगितलं. वृंदा ऐकत राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती रडायला लागली. म्हणाली, "मला आधी सांगायचं होतंत हो." आणि पावसातच निघून गेली. तिचंही पहिलं काम होतं. तिचंही सगळं त्यातच होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी नीट कळलं.

बाबा उठले, त्यांनी भिंतीवरची गोधडी काढली. मागं ओल त्यांच्या शेवटच्या रेघेच्या हातभर वर गेली होती. "बघ," ते आईला म्हणाले, "झाकल्यानं थांबत नाय. आपलं कापडच खारं हाय नर्मदे. खाडीत भिजलंय ते. कितीबी धू." मग माझ्याकडं वळून, पण माझ्याकडं न बघता, म्हणाले, "कुंदे, कॉलेज बस झालं. पॅकिंगला पोरी घेतायत कंपनीत. गनपती झाले की जायचं. मी बोललोय ठेकेदाराशी." ज्या ठेकेदारानं ह्यांना विचारलंही नव्हतं त्याच्या दारात ते जाऊन आले होते. मी चुलीजवळ बसले आणि पुस्तकाला घातलेलं वर्तमानपत्राचं कव्हर काढून परत घातलं, परत काढलं. बाहेर ओढा भरून वाहत होता आणि आम्हा तिघांतलं कुणीच कुणाला जेवायला वाढत नव्हतं.

पुढचे काही दिवस आई नुसती कोपरे उसवत बसली. एकेक कोपऱ्यातून ओलसर मीठ निघायचं, अर्धं विरलेलं, रंगानं लालसर झालेलं. ते ती वाटीत जमा करायची. टाकवत नव्हतं. हन्नाबाई बघून गेली आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आईला हाताला धरून स्वतःच्या घरी घेऊन गेली. मीही मागं गेले. तिच्या दाराच्या चौकटीला उजवीकडं एक लहानशी लाकडी नळी ठोकलेली होती, तिरकी. आम्ही ती कितीदा पाहिली होती. हन्नाबाईनं आत जाताना तिला बोट लावून ओठांना लावलं.

"ह्यात काय असतं, ठाऊक आहे तुला? आमच्या देवाचं लिहिलेलं आहे. घराचं राखण. माझ्या सासऱ्यानं ठोकलेलं. भिंतीत पुरलं असतं तर आजवर वाळवीनं खाल्लं असतं. बाहेर आहे म्हणून जाता-येता हात लागतो. तुझं मीठ तू आत कशाला कोंडतेस गो?"

"बाहेर मीठ कसं शिवायचं, हन्नाबाई? सुईत येतंय काय?"

"ते मला काय ठाऊक? मला साधी टीप घालता येत नाही. चहा घे."

आई घरी आली आणि तिनं हे बाबांना जसंच्या तसं सांगितलं. बाबा भिंतीसमोरच होते. मग उठले, पत्र्याच्या पेटीतून ते पांढरं धोतर काढलं, आणि आईसमोर टाकलं.

"मीठ पांढरं असतं," ते म्हणाले. "काप."

"हे नको. तुमच्या मानाचं हाय."

"मान कुठं उरलाय? काप म्हनतो ना."

आईनं कात्री घेतली नाही. तेव्हा बाबांनी चुलीतला कोळसा घेतला. ओलीच्या रेघा मारायचे तोच हात. जमिनीवर उसवलेली एक निळी गोधडी पसरली होती, तिच्यावर ते वाकले आणि आखायला लागले. आधी खाडी. मग बांध, जिथं फुटला तिथंही अखंड. पाणी आत घ्यायची वाट. मोठे वाफे, त्यातून लहान वाफे, कडेच्या पायवाटा. एकही रेघ त्यांनी पुसली नाही. "हिथं पानी यायचं. हिथं तापायचं. हिथं मीठ धरायचं. हे चौकोन पांढरे." आई हलके म्हणाली, "आनि आपलं घर?" बाबांनी कोपऱ्यात, जिथं खडा घालायचा बरोबर त्याच कोपऱ्यात, एक लहान चौकोन काढला. "ह्यो पन पांढरा." मग आईनं धोतर कापलं.

ती गोधडी आईनं शिवली आणि बाबांनी शेजारी बसून शिववून घेतली. भांडायचे. "वाकडं झालं." "खाडी कधी सरळ असते काय?" "वाफा सरळ असतो." आई उसवायची. हा आवाज, दोघांच्या भांडणाचा, मी किती दिवसांनी ऐकत होते! पण भीती गेली नव्हती. मीठ घातलं नव्हतं, तरी कापड तेच होतं. बाबांच्या मनातून ते जात नव्हतं की आपलं कापडच खारं आहे. आणि गणपती जवळ येत होते.

गोधडी झाली तशी आई म्हणाली, "कुंदे, चल. पेणला जायचंय. चुना घे." मला वाटलं हिचं डोकं फिरलं. एस.टी.त ती मांडीवर गोधडी आणि पायाशी चुन्याचा डबा आणि कुंचा घेऊन बसली. नागोठण्याला नदी फुगली होती, गाडी ताटकळली, ती हलली नाही. पेणला डॉक्टरांच्या दारात आम्ही उभ्या राहिलो तेव्हा आमच्या पायांना घोट्यापर्यंत चिखल होता.

"आता काय?" डॉक्टरीणबाई दारातूनच म्हणाल्या. उंच, कडक बाई. "अजून काही रडवायचं राहिलंय का?"

"भिंत माझ्यापायी खराब झाली," आई म्हणाली. "मी चुना द्यायला आलेय. पाय धुऊन आत येते."

"आमच्या भिंतीला चुना नसतो लावत. रंग असतो तो."

"मग डाग तरी काढते."

त्या दारातून बाजूला झाल्या. आईनं अख्खा दिवाणखाना दुपारपर्यंत फडक्यानं पुसून काढला, आणि जो ओघळ गेला नाही त्यावर तिनं आणलेली गोधडी धरली. "ही ठेवा. गनपतीपर्यंत. त्यात मीठ नाय. पाऊस हाय तवर बघा. रडली तर फेकून द्या, मी पुन्हा तोंड दाखवनार नाय."

डॉक्टरीणबाईंनी गोधडीकडं बघितलं. "हे काय आहे?"

"आमचं मिठागर."

बाईंनी नोकराला हाक मारून खिळे मागवले, एवढंच.

श्रावण गेला. मी कॉलेजात जात होते ते निरोप घेतल्यासारखी. पाऊस थांबेना. आमच्या खोलीत चुलीजवळचं मीठसुद्धा पाणी सोडत होतं आणि आई ते बघून तोंड फिरवत होती. ठेकेदाराकडून निरोप आला, पोरीला दीड दिवसाच्या विसर्जनानंतर धाडा. गणपतीच्या आदल्या दिवशी वृंदा दारात आली. आत बसली नाही. म्हणाली, "डॉक्टरीणबाईंनी बोलावलंय तुम्हाला. उद्या. तिघांनाही." का, ते तिलाही माहीत नव्हतं.

पेण म्हणजे गणपतीचं गाव, कारखान्यांत वर्षभर मूर्ती घडतात. त्या दिवशी अख्ख्या पेणला ओल्या रंगाचा, उकडीच्या मोदकांचा वास होता. डॉक्टरांचा दिवाणखाना पाहुण्यांनी भरला होता. आम्ही दारात चपला काढल्या आणि समोर पाहिलं. गणपती आमच्या गोधडीसमोर बसवला होता. मखर नव्हतं, आरास नव्हती. मागं निळी खाडी, पांढरे वाफे, आणि पुढं मूर्ती. आई तिथंच खांबाला टेकली.

बाबा थांबले नाहीत. ते पाहुण्यांमधून सरळ पुढं गेले. मला वाटलं पाया पडायला. ते मूर्तीच्या बाजूनं भिंतीपाशी गेले, गोधडीचा खालचा कोपरा, आमच्या घराचा पांढरा चौकोन, हातात धरला, दाबला, आणि जिभेला लावला. मागं कुणीतरी खुसखुसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांनी डोळे मिटले होते, अगदी वाफ्यावर मिटायचे तसे. मग ते वळले, आणि सगळ्या लोकांच्या डोक्यावरून आईला मोठ्यानं म्हणाले,

"नर्मदे, अळनी हाय!"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, मी महिनाभर रोज हात लावून बघतेय. मला विचारलं असतंत तरी सांगितलं असतं." आणि त्या हसल्या. पहिल्यांदाच. "जेवायला बसा आता. मीठ लागलं तर मागून घ्या."

त्या दिवशी त्या घरातून निघताना आईकडं चार घरच्या बायकांनी गोधडी मागितली आणि वृंदानं आईचा हात धरून सांगितलं की ह्यापुढं ती जे घर सजवील त्यात आईचं काम असेल, आणि ते आईच्या नावानं असेल. तिनं शब्द पाळला. परतीच्या गाडीत बाबा मला म्हणाले, "ठेकेदाराला सांगून टाक, पोरगी येनार नाय." मी म्हटलं, "तुम्हीच सांगा. तुम्हीच बोलला होतात." "बरं," ते म्हणाले. "मीच सांगतो."

हन्नाबाई शेवटी इस्रायलला गेली ती आईची गोधडी घेऊन. बाबा गेले, आई गेली. मिठागराच्या जागी आता दाट तिवरं आहेत. वरशाला मी बांधलेल्या घरात मागच्या भिंतीला ओल नाही, तरीही तिथं तशीच एक निळी गोधडी आहे, बाबांनी आखलेली, आईनं शिवलेली.

मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पहिली. आईनं स्वतःच्या नावानं काम केलं आणि बाबा मरेपर्यंत आखत राहिले. त्यांनी पुन्हा भिंतीवर रेघ मारली नाही.